पोस्टग्रेसचा बॅकअप २० बाइटचा निघतो तेव्हा

पीजी-डंप (पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप काढणारी कमांड) हाताने चालवला की नीट चालतो, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) मात्र २० बाइटची जीझिप (दाबून लहान केलेली) फाइल उरते. २० बाइट म्हणजे आत काहीच नाही. डंप डेटाबेसशी जोडणीतच पडलेला असतो, पण पाइपमध्ये (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारी साखळी, इथे डंपकडून जीझिपकडे) शेवटच्या कमांडचाच निकाल धरतात, म्हणून क्रॉनला सगळं आलबेल वाटतं. बॅश स्क्रिप्टमध्ये आधी 'पाइपफेल' (साखळीतली कुठलीही कमांड पडली तरी अपयश धरणारा पर्याय) चालू केलं, एरर लॉगमध्ये वळवली.

लॉगमध्ये निघालं 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड'. होस्ट (सर्व्हरचा पत्ता) दिला नाही तर पीजी-डंप युनिक्स सॉकेटवरून (त्याच मशीनवरची, नेटवर्कविना जोडणी) जातो, आणि तिथे पीअर नियम असेल तर लिनक्सचा युजर नि डेटाबेसचा युजर जुळावा लागतो. क्रॉन रूटचा (लिनक्सचा मुख्य युजर), डेटाबेसचा युजर वेगळा. होस्ट १२७.०.०.१ (हेच मशीन, पण नेटवर्क जोडणीने) दिला की पीअर टळतो, पण मग पासवर्ड हवा. तो पीजीपास फाइलमध्ये: होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर, पासवर्ड, मध्ये कोलन. फाइल रूटच्याच होममध्ये, परवानगी ०६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी). त्याहून सैल असली तर वाचलीच जात नाही. होस्टही कमांडमधल्यासारखाच लिहायचा. 'लोकलहोस्ट' लिहिलं तर ओळ जुळत नाही.

नियम 'ट्रस्ट' (पासवर्ड न विचारताच आत सोडणारा) करून टाका हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. 'नो-पासवर्ड' पर्याय मात्र जरूर जोडावा: पासवर्ड सापडला नाही तर डंप विचारत न बसता लगेच एरर देतो.