रिपोर्ट उघडायची भीती आणि साधनपाद

आमच्या योगवर्गात पन्नाशीपुढची मंडळी जास्त. त्यामुळे गुडघ्यांच्या खालोखाल बोलणं असतं ते रिपोर्टचं. लॅबची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडलेली असते आणि उघडायला हात धजत नाही. अशांना ‘दीर्घ श्वास घ्या’ एवढं सांगून मी वाटेला लावत नाही. पतंजलींच्या योगसूत्रांचा दुसरा पाद, म्हणजे साधनपाद, काढून बसते. पुढे कंसातले आकडे त्यातल्या सूत्रांचे.

आधी लाज बाजूला ठेवा. पतंजलींनी पाच क्लेश, म्हणजे मनाला पिडणारे मूळ दोष, सांगितलेत; त्यातला शेवटचा अभिनिवेश, म्हणजे जिवाची भीती. ती ‘विदुषोऽपि’, विद्वानालाही सुटत नाही (२.९). योगसूत्रांवरची जुनी टीका, व्यासभाष्य, तर म्हणते, नुकत्या जन्मलेल्या किड्यालाही ती असते. मग ‘इतकी वर्षं योग करून घाबरते कशी?’ हा प्रश्नच नको.

मग वही घ्या आणि भीतीमागचं गृहीतक एका वाक्यात लिहा. बहुतेकांचं असं निघतं: ‘साखर आजवर नॉर्मल होती, ती तशीच राहायला हवी.’ अनित्याला नित्य मानणं ही अविद्या (२.५), आणि बाकीचे चारही क्लेश तिच्याच शेतात उगवतात (२.४). लिहाच, बरं का. मनातल्या मनात हे वाक्य फार शहाणं वाटतं.

आता मुख्य काम. भीती वाटली म्हणून स्वतःला बोल लावू नका; भीतीपोटी काय करायला निघालात ते पकडा. फाइल न उघडणं, मुलीला फोनवर ‘सगळं ठीक आहे गं’ म्हणणं, गोळी टाळणं. कर्माशयाचं, म्हणजे केलेल्या कर्मांच्या मनात साठलेल्या संस्कारांचं, मूळ क्लेशात आहे (२.१२), आणि फळ या जन्मातही मिळतं. पुढच्या जन्माचं राहू द्या. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आली की तोच हात तसाच मागे येतो. भाष्यातला दाखला मला फार आवडतो: साळ तुसासकट असेल तरच रुजते, तूस काढलं की नाही. क्लेश म्हणजे ते तूस.

खोटं बोलावंसं वाटलं की प्रतिपक्षभावन, म्हणजे उलट बाजूचा विचार, करा (२.३३). ही गोड विचारांची मलमपट्टी नव्हे. या खोट्यातून पुढे दुःख आणि अज्ञानच वाढणार (२.३४), हे डोळ्यांपुढे आणा: मुलगी गाफील राहील, औषध लांबेल. मग घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून फाइल उघडा आणि डॉक्टरांची वेळ घ्या. निकाल गूगलवर शोधत बसू नका. छातीत दुखत असेल तर वही-बिही सोडून आधी दवाखाना.

सूक्ष्म क्लेश उगमापर्यंत परतवणं, प्रतिप्रसव (२.१०), हे पुढच्या साधकांचं काम, आमचा वर्ग तिथवर जात नाही.

आणि भेटायला आलेलं कुणी ‘काय करणार, कर्माचे भोग’ म्हणालं, तर त्याला चहा द्या आणि २.१६ वाचायला द्या: ‘हेयं दुःखमनागतम्’. अजून न आलेलं दुःख टाळता येतं.