वाइन द्राक्षाचा क्लोन निवडताना या चुका टाळा

वाण ठरला की निम्मं काम उरकलं असं वाटतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. क्लोन म्हणजे एकाच निवडक मातृवेलीच्या काड्यांपासून वाढवलेली रोपं. वाण एकच असला तरी घडाचा घट्टपणा, पिकण्याची वेळ आणि उत्पादन क्लोनगणिक बदलतं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे नावाजलेल्या वाइनचा क्लोन नंबर बघून रोपं मागवणं. पिनो न्वार या लाल वाणाचे 115, 667, 777 हे दिजॉं क्लोन (दिजॉं हे फ्रान्सच्या बर्गंडी भागातलं शहर) तिथल्या थंड हवेतले, लवकर पिकणारे. उष्ण भागात त्यांची साखर भराभर चढते, आम्लता घसरते आणि चव मागे राहते. उलटंही घडलंय. अमेरिकेतल्या थंड ऑरेगॉनमध्ये आधी शार्डोने या पांढऱ्या वाणाचा कॅलिफोर्नियातून आलेला, उशिरा पिकणारा क्लोन लावला होता. शरदातला पाऊस आला तरी तो पिकेना, आणि दोष वाणाच्या माथी गेला. पुढे 76, 95, 96 हे दिजॉं क्लोन आले, तसं तिथलंच शार्डोने वेळेत तयार होऊ लागलं. म्हणून आधी आपल्या हवेत किती दिवस हातात आहेत ते मोजा, नंबर नंतर बघा.

काढणीच्या सुमारास पाऊस किंवा दमटपणा असेल तर घट्ट घडाचा क्लोन नकोच. मणी एकमेकांवर दाबले जातात, आतला एखादा फुटतो. बाहेरून घड ठणठणीत दिसतो, उकलून बघावं तर मधे करडी बुरशी. अशा ठिकाणी उत्पादन थोडं कमी देणारा सुट्या घडाचा क्लोन मी डोळे झाकून घेईन.

ओळखीच्या बागेतून फुकट काड्या आणणं तर टाळाच. लीफरोल (पानं वळवणारा) विषाणू काडीतूनच येतो, पिठ्या ढेकूण तो पुढे पसरवतो आणि लागलेल्या वेलीवर इलाज नाही. लाल वाणात हंगामाच्या शेवटी पानं तांबडी होतात, शिरा हिरव्या राहतात, कडा खाली वळतात. पांढऱ्या वाणात मात्र सहसा नजरेला काही पडत नाही, म्हणून प्रमाणित, विषाणू तपासलेलीच कलमं घ्या.

खुंटाची, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात त्याची, निवड वेगळी, ती मातीप्रमाणे. सगळी बाग एकाच क्लोनवर नको. दोन-तीन लावा, पण मिसळून नाही, वेगवेगळ्या ओळींत. कुठल्या ओळीत कुठला क्लोन, त्याची वही लागवडीच्याच दिवशी भरा. टॅग उन्हानं विटतात, आणि चौथ्या-पाचव्या हंगामात एखादी ओळ मागे पडली की तो नंबर लागतोच.