पिकअपला मोठा अल्टरनेटर लावताय? या चुका टाळा

रंगपंचमी झाली की दुसऱ्या दिवसापासून इंदूरला देवास नाक्यावरच्या माझ्या दुकानापुढे पिकअपची रांग लागते. सगळ्या गाड्या गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, डीजे वाजवून आलेल्या. कुणाची बॅटरी बसलेली, कुणाचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरतो तो) जळलेला, एखाद्याची वायरिंगच वितळलेली. आणि तक्रार ठरलेली: "मागच्याच महिन्यात एकशेवीसचा टाकला, माल खराब निघाला." कधी कधी निघतोही. पण बहुतेक वेळा माल बरा असतो, बसवणाऱ्याला घाई असते.

सुरुवात आकड्यापासूनच चुकते. लेबलवर १४ व्होल्ट, १२० अँपिअर लिहिलेलं असतं, ते अल्टरनेटर स्वतः मिनिटाला ६००० फेरे घेत असतानाचं. इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, ८०० वर असेल आणि पुलीचं प्रमाण अडीचपट धरलं, तर अल्टरनेटर फिरतोय २००० ने. तिथे निम्मा करंट मिळाला तरी देवाला नारळ फोडा. आता गेरची गाडी टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत कशी जाते ते इंदूरकराला सांगायला नको; पायी चालणारा पुढे निघून जातो. वर अल्टरनेटरचा पंखा त्याच्याच शाफ्टवर बसलेला. फेरे कमी म्हणजे वारा कमी, आणि लोड मात्र पूर्ण. म्हणून तो हायवेवर जळत नाही, मिरवणुकीत जळतो. घेताना "आयडलला किती देतो" हे विचारा. दुकानदार सांगू शकला नाही तर दुसरं दुकान बघा. जुन्याच अल्टरनेटरमध्ये जाड तार भरून "डबल करून देतो" म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहा. जाड तारेचे वेढे कमी बसतात, त्यामुळे वरच्या वेगाला करंट वाढतो आणि आयडलला होता त्याहून कमी होतो.

अल्टरनेटर नवा, वायर जुनीच

ही चूक बघून बघून मी कंटाळलोय. रामबागेतला एक मुलगा आहे, वरातींना साउंड लावतो. लांबच्या नात्याने भाचा लागतो, त्यामुळे बिलात सूट मागायचा हक्क त्याला जन्मजात आहे. त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघून तासाभरात स्वतःच अल्टरनेटर बदलला. मग फोन: "मामा, बेस वाजला की हेडलाइट मंद होतात. दुसरी बॅटरी टाकू का?" म्हटलं, आधी गाडी दाखव. म्हणाला, गेर झाल्यावर आणतो. आयडलला करंट पुरेना, तर ड्रायव्हरला रेस धरून बसवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून आली. बॉनेट उघडलं तर अल्टरनेटरकडून बॅटरीकडे जाणारी वायर मूळचीच, १० स्क्वेअर एमएमची. लगाजवळ, म्हणजे टोकाच्या कड्याजवळ, तिचं आवरण करपलेल्या गुळासारखं झालेलं. बोटाने वाकवलं तर पापडासारखं तुटलं. आतली तार काळी पडलेली, नट निळा झालेला.

हिशेब अवघड नाही. १० स्क्वेअर एमएमची दोन मीटर तांब्याची वायर आणि १२० अँपिअर: वाटेत ०.४ व्होल्ट जातात आणि जवळपास ५० वॉट उष्णता वायरीतच मुरते. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं आहे. वायरभर पसरलेली उष्णता एक वेळ निभावून जाईल, पण लग जरा ढिला असला की सगळी तिथेच साचते. ३५ स्क्वेअर एमएमची वायर टाकली की तेच नुकसान ०.१२ व्होल्टवर येतं. मी वेल्डिंग केबल वापरतो, कारण ती लवचिक असते आणि इंजिनाच्या थरथरीने तुटत नाही. विकत घेताना टोक चाकूने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, दुकानदाराला नमस्कार करून परत द्या.

आणि निगेटिव्ह? तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. जेवढा करंट प्लसमधून जातो तेवढाच अर्थिंगमधून परत यायचा असतो. भाच्याने गेरसाठी चॅसिसला चकाचक काळा रंग मारला होता आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच कसली होती. नवी वायर टाकून लोड देऊन मोजलं, तर इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात ०.९ व्होल्ट! रंग घासून लोखंड उघडं केलं, दुसरी जाड पट्टी टाकली, तेव्हा आकडा ०.१ च्या खाली आला. हेडलाइट मंद व्हायचं तिथेच थांबलं. दुसरी बॅटरी लागलीच नाही.

गाडी हातातून सोडण्याआधी मी इंजिन २००० वर धरायला लावतो, सगळे दिवे आणि साउंडचा अ‍ॅम्प्लिफायर चालू करतो, मल्टिमीटरचा लाल पिन अल्टरनेटरच्या स्टडवर आणि काळा बॅटरीच्या प्लसवर ठेवतो. ०.२ पर्यंत ठीक. ०.५ दिसले तर पुन्हा खोलायचं, चहा नंतर. फ्यूज बॅटरीला चिकटून हवा, कारण वायर कुठे घासून उघडी पडली तर आग लावणारा करंट बॅटरीतून येतो. १२० च्या अल्टरनेटरला, ३५ च्या वायरीवर, मी १५० चा टाकतो.

मागचा पंप विसरणं

हे लाइटचं प्रकरण नाही, जिवाचं आहे. जुन्या बोलेरो पिकअपसारख्या बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप असतो. पेट्रोल इंजिनाला मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतो, डिझेलला तसा मिळत नाही, म्हणून ब्रेकच्या बूस्टरसाठी, म्हणजे पेडलला जोर देणाऱ्या डब्यासाठी, हा पंप. चोरलकडून चोइथराम मंडीत भाजी आणणाऱ्या एकाला कुणीतरी भंगारातला, पेट्रोल गाडीचा दणकट अल्टरनेटर लावून दिला. पंप नाहीच. बूस्टरकडे जाणाऱ्या नळीत बोल्ट खुपसून वर क्लिप मारलेली! परतीच्या वाटेवर भेरू घाटात त्याला कळलं की पायाखाली पेडल नाही, दगड आहे. गाडी रिकामी होती म्हणून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कशीबशी उतरवली. माझ्याकडे आला तेव्हाही त्याचा उजवा पाय थरथरत होता. मी तो बोल्ट अजून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. "चालतंय की" म्हणणाऱ्या पोरांना दाखवायला.

पंप असलेलाच अल्टरनेटर घ्या. ऑइलचे दोन्ही पाइप नीट बसवा, तांब्याचे वॉशर नवे टाका, परतीचा पाइप कुठे मुडपू नका, नाहीतर ऑइल अल्टरनेटरच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या वेढ्यांत, शिरतं. मग इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक झालं की दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर गाडी गल्लीबाहेर काढायची नाही.

चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल काढणं

"काढल्यावर गाडी चालू राहिली म्हणजे डायनमो ओके." ही परीक्षा खऱ्या डायनमोच्या जमान्यातली. आमचे जुने मिस्त्री अल्टरनेटरला अजून डायनमोच म्हणतात, ते एक वेळ चालेल. ही सवय चालणार नाही. भर लोडमध्ये बॅटरी सुटली की क्षणभर व्होल्टेज ८०-१०० पर्यंत उसळू शकतं. डायोड जातात, नशीब फुटकं असेल तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरही जातो. साधा मल्टिमीटर घ्या, चालू गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसले की झालं.

बाकीचं थोडक्यात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचं चार्जिंग बऱ्याचदा ईसीएम ठरवतो. तिथे बाहेरचा अल्टरनेटर ठोकायला जाऊ नका. पूर्ण बसलेली बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेऊ नका, चार्जरवर लावा. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा उडाला असेल तर आधी तो बदला, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर त्याच वाटेने जागा होतो. एका जागी उभं राहून चार तास वाजवायचं असेल तर जनरेटर भाड्याने घ्या; भाच्याला हे पटायला एक अल्टरनेटर लागला.

अल्टरनेटर फिरवणारा पट्टा किंचाळतो म्हणून त्याला साबण फासणाऱ्यांशी मी बोलतच नाही. मोठा अल्टरनेटर पट्टा जास्त ओढतो, त्यामुळे गुळगुळीत झालेला जुना पट्टा घसरणारच. नवा टाका, मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबेल इतका ताण द्या. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये तो थोडा सैल पडतो, तेव्हा एकदा परत आणा, फुकट ताणून देतो, असं मी प्रत्येकाला सांगतो. येत कुणी नाही. येतात ते रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी.