एसएस (स्टेनलेस स्टील) पाइप सरळ कापण्यासाठी कागदाची पट्टी

रेलिंगचा पाइप नजरेने कापला की कट तिरका जातो, जोडात फट राहते आणि ती भरताना पातळ पाइपला आर्गन वेल्डिंगमध्ये भोक पडतं.

१. ए-फोर कागदाची लांब, सरळ कडेची पट्टी पाइपभोवती घट्ट गुंडाळा. दोन इंची पाइपचा घेर साधारण १६ सेंमी, म्हणजे पट्टी एकमेकींवर भरपूर चढते. चढलेल्या कडा तंतोतंत जुळल्या की रेघ काटकोनातच येते. मार्करने आखा.

२. ग्राइंडरच्या १ मिमी जाडीच्या कटिंग डिस्कने आधी सगळीकडून हलकी खाच पाडा, पाइप फिरवत. मगच आरपार. एका बाजूने थेट घुसवलं तर डिस्क भरकटते.

३. आतली-बाहेरची बर (कापताना कडेला उठलेले धारदार कंगोरे) कानशीने काढा.

लोखंडावर वापरलेली डिस्क इथे नको. लोखंडाचे कण रुततात आणि रेलिंगवर गंजाचे डाग उठतात.