इमारतीचं स्टार रेटिंग: अर्जाआधी जनरेटरचा मीटर बघा

नवी मुंबईतल्या आमच्या ऑफिस इमारतीला तीन तारे नक्की, असं मी मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगून बसलो होतो. ऑडिटर आले, चहा झाला, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "डीजीची, म्हणजे डिझेल जनरेटरची, युनिटं कुठायत?" माझ्या एक्सेलमध्ये तो रकानाच नव्हता. पुन्हा त्या वाटेला जायची वेळ आली म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय. तुमच्याकडे जनरेटर असेल तर बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, तेवढं वाचा.

आधी पात्रता. ऊर्जा दक्षता ब्युरोची म्हणजे बीईईची ऑफिसांसाठीची ही स्टार रेटिंग योजना २००९ साली आली. जोडभार, म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार, १०० किलोवॅट किंवा जास्त हवा, आणि निदान वर्षभर इमारत वापरात असायला हवी. घरासाठी, दुकानासाठी हे नाही. आणि पाच तारेवाले एसी बसवलेत म्हणून इमारतीला पाच तारे मिळतील, हे डोक्यातून काढा. आमचे साहेब शेवटपर्यंत तेच धरून होते.

मग वीजबिलं. सलग बारा महिन्यांची, एकही महिना गाळू नका. महावितरणच्या एचटी (उच्चदाब) बिलात एप्रिल २०२० पासून आकारणी केव्हीएएचवर होते, त्यामुळे ठळक दिसणारा आकडा केव्हीएएचचा असतो. आपल्याला हवीत केडब्ल्यूएच, म्हणजे साधी युनिटं. ती त्याच बिलात असतात, शोधा. भाडेकरूंचे स्वतंत्र मीटर असतील तर त्यांची बिलं आत्तापासून मागायला लागा. एका भाडेकरूने आम्हाला सात आठवडे फिरवलं. फोन करून काही होत नाही, जाऊन समोर बसावं लागतं.

आता जनरेटर. डीजीने तयार केलेली वीज हिशेबात धरायचीच असते. छतावरच्या सौर पॅनेलची वीज वगळतात, म्हणून मला वाटलं जनरेटरचीही वगळत असतील. मुळीच नाही. आमच्याकडे जनरेटरच्या पॅनेलवर मीटर होता, पण त्याचा डिस्प्ले कधीचा गेलेला. ऑपरेटरच्या वहीत तारीख, किती तास चालला, किती लिटर टाकलं आणि सही. युनिटांचा पत्ता नाही. जुलैत केबल फॉल्ट होऊन तीन दिवस सगळी इमारत डिझेलवर चालली होती, आणि मी ते साफ विसरून गेलो होतो.

हिशेब बघा. क्षेत्रफळ ६,००० चौरस मीटर, वर्षाची बिलातली युनिटं ८ लाख ८० हजार. भागाकार १४६.७. हाच तो ईपीआय: वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिटं, जितका कमी तितके तारे जास्त. उष्ण-दमट हवामान आणि निम्म्याहून जास्त जागा वातानुकूलित, यासाठी आम्ही धरलेल्या २००९ च्या तक्त्यात १५० ते १२५ ला तीन तारे होते आणि १०० च्या खाली पाच. म्हणजे मी खूश. मग वही उघडली. वर्षात सव्वासात हजार लिटर डिझेल, लिटरला ३.३ युनिटं धरली तर जवळपास २४ हजार युनिटं. बेरीज ९ लाख ४ हजार, भागाकार १५०.७. एक तारा गेला.

तर, जनरेटरच्या पॅनेलवरचा मीटर चालू आहे का ते आजच खाली जाऊन बघा. बंद असेल तर बदला, आणि बारा महिने त्या तारखेपासून मोजा. ऑपरेटरला वहीत युनिटांचा वेगळा रकाना आखून द्या: सुरू करताना रीडिंग, बंद करताना रीडिंग. आठवड्याची टेस्ट रनसुद्धा लिहायला लावा. "साहेब, दहाच मिनिटं चालवला" हे ऐकून घेऊ नका.

क्षेत्रफळ: बिल्टअप घ्या, तळघर आणि पार्किंग वगळून. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र काढून ठेवा. आकडे चौरस फुटांत असतील तर १०.७६४ ने भागा. पार्किंग मिसळलं की ईपीआय छान दिसतो, आणि ऑडिटर ते पहिल्या अर्ध्या तासात काढतो. वातानुकूलित भाग किती टक्के, ते मजल्यागणिक लिहा. निम्म्याच्या वर की खाली, यावर तक्ताच बदलतो: निम्म्याहून कमी असेल तर त्याच हवामानात पाच ताऱ्यांसाठी ४५ च्या खाली यावं लागायचं. दिल्लीच्या संमिश्र हवामानाचे आकडे आणखी वेगळे, तेव्हा दुसऱ्या शहरातल्या ओळखीच्याचा तक्ता उचलू नका. सध्या लागू असलेला तक्ता स्वतः उतरवून घ्या.

कामाचे तास आणि माणसांची संख्या एचआरकडून लेखी. जोडभाराची यादी इलेक्ट्रिशियनकडून, पंप आणि लिफ्ट धरून. मालकाची सही, शिक्का. सगळ्याच्या दोन प्रती, स्कॅन वेगळं.

ऑडिटर येणार त्या दिवशी गच्चीची आणि पॅनेल रूमची किल्ली कोणाकडे आहे ते आदल्या रात्री विचारा. जनरेटरच्या मीटरचा फोटो, तारीख दिसेल असा. वही टेबलावर. जनरेटरची.