कुंदा द्या, पण बोनसही द्या

दिवाळीला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत कामगारांच्या हातात कुंद्याचा, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईचा, डबा पडतो. छानच. पण डबा दिला म्हणून बोनस चुकत नाही; कायद्यात बसणाऱ्या कामगाराला बोनससाठी धरल्या जाणाऱ्या वर्षाच्या पगारावर किमान ८.३३ टक्के द्यावेच लागतात. गावी जाणाऱ्यांना कुंद्यापेक्षा गोकाकचा करदंट, म्हणजे सुकामेवा-डिंकाची मिठाई, बरा; एसटीच्या प्रवासात टिकतो.

उलट, साहेबांच्या भेटीसाठी माणशी पाचशेची वर्गणी काढू नका. हेल्परच्या खिशाला ती जड जाते, आणि चारचौघांत नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्याकडे एकानं उसने घेऊन दिले होते, साहेबांना पत्ताही नव्हता! फारच वाटलं तर घरची चकली-करंजी आणा, चहाच्या वेळी कागदावर मांडा. साहेबांनीही त्यातलीच उचलावी.