आरएनए नीट फोल्ड करायचाय? मग मीठ कधी आणि किती घालायचं ते बघा

आरएनए फोल्ड कसा करायचा, म्हणजे त्याच्या लांब साखळीची नेमक्या आकारात घडी कशी घालायची, असं विचारलं की बहुतेक वेळा एकच ओळ ऐकायला मिळते, ९५ अंशांवर गरम करा, हळूहळू गार करा, झालं. मिठाचं नावच नाही, आणि असलंच तर "१० मिलीमोलर मॅग्नेशियमवाला बफर घ्या" एवढंच (मिलीमोलर म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं माप, बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण). एवढ्यावर काम भागत नाही हो. सिक्वेन्स तोच, ट्यूब तीच, फक्त मीठ बदललं तरी आरएनएची घडी वेगळी पडते.

कारण साधं आहे. आरएनएच्या कण्यात प्रत्येक न्यूक्लिओटाइडमागे, म्हणजे साखळीच्या प्रत्येक कडीमागे, एक फॉस्फेट असतो आणि त्यावर ऋण भार असतो, म्हणजे १०० न्यूक्लिओटाइडच्या तुकड्यावर जवळपास १०० ऋण भार, सगळे एकमेकांना ढकलतायत. मिठातले धन आयन भोवती गोळा झाले की ही ढकलाढकली कमी होते आणि साखळीला स्वतःजवळ यायला जमतं. हेअरपिनसारख्या (साखळी स्वतःवरच वळून केसांच्या पिनेसारखी जुळते तशा) साध्या जोड्या नुसत्या पोटॅशियम किंवा सोडियमवर छान बनतात. पण त्या जोड्यांचे दांडे एकमेकांना चिकटून पूर्ण त्रिमितीय आकार व्हायला बहुतेक मोठ्या आरएनएंना मॅग्नेशियम लागतं, त्याच्यावर दोन भार असतात आणि ते अरुंद खाचांत जाऊन बसतं. यीस्टच्या टीआरएनएची (प्रथिन बनवताना अमिनो आम्ल आणून देणारा छोटा आरएनए) रचना १९७४ मध्ये क्रिस्टलमधून दिसली, पुढे ती अजून बारकाईने तपासल्यावर नेमक्या वळणांजवळ मॅग्नेशियम बसलेलं सापडलं.

ग्लोव्हज, आरनेजमुक्त (आरएनए तोडणारं एन्झाइम नसलेलं) पाणी, शुद्ध केलेला आरएनए हे सगळं आहे असं धरून चालतो.

आधी कागदावर. सॉफ्टवेअरमधून घडीचा अंदाज काढा, पण त्यामागचे ऊर्जेचे आकडे १ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये मोजलेले असतात हे डोक्यात ठेवा. तुमच्या ट्यूबमध्ये तेवढं मीठ नसणार, त्यामुळे स्क्रीनवर पक्की दिसणारी जोडी प्रत्यक्षात ढिली असू शकते. सिक्वेन्समध्ये ग्वानिनचे (आरएनएच्या चार अक्षरांतलं जी) झुबके असतील तर सोडियम आणि पोटॅशियम बिनधास्त अदलाबदल करू नका, त्यातून बनणारी चौपदरी रचना पोटॅशियममध्ये जास्त घट्ट बसते आणि लिथियममध्ये फारशी टिकत नाही.

गरम करणं. आरएनए कमी मिठाच्या बफरमध्ये, मॅग्नेशियम अजिबात नाही, ९० अंशांवर दोन मिनिटं. हेअरपिन हवा असेल तर लगेच बर्फात, दोन वेगळे धागे जोडायचे असतील तर मीठ घालून सावकाश गार करा. बस.

आता मॅग्नेशियम. मी स्वतः सगळ्यात जास्त काळ इथेच अडकलो होतो, आणि सगळ्यात वाईट सल्लेही याच पायरीबद्दल मिळतात.

पहिली गोष्ट, उकळत्या ट्यूबमध्ये मॅग्नेशियम नको म्हणजे नको. साखरेवरचा २ नंबरचा हायड्रॉक्सिल शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करून साखळी तोडतो, आणि उष्णता अधिक मॅग्नेशियम असलं की हे काम झपाट्याने होतं. जेलवर (यात विजेच्या जोरावर रेणू आकारानुसार वेगळे होतात) मुख्य बँडच्या खाली धुरकट पट्टा दिसला की लोक आरनेजला शिव्या घालतात, पण पुष्कळदा आरनेजचा काही संबंध नसतो, मॅग्नेशियमसकट उकळलेलं असतं. म्हणून आधी पोटॅशियम घाला, १०० ते १५० मिलीमोलर, ट्यूब ५० अंशांच्या आसपास येऊ द्या, मग मॅग्नेशियम, आणि तिथेच वीस-तीस मिनिटं ठेवून मग खोलीच्या तापमानाला आणा. हे ५० अंशांवर थांबणं मोठ्या रायबोझाइमसाठी (एन्झाइमसारखं काम करणारा आरएनए) फार कामाचं आहे, कारण चुकीच्या घडीत अडकलेल्या रेणूंना तिथून सुटायला थोडी ऊब लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे किती, आणि इथे बाटलीवरचा आकडा बघून चालत नाही, मोकळं मॅग्नेशियम किती उरलं ते मोजावं लागतं. समजा तुम्ही एकूण ३ मिलीमोलर घातलं. रिअ‍ॅक्शनमध्ये २ मिलीमोलर एटीपी (पेशीचा ऊर्जा देणारा रेणू) आहे, ते जवळजवळ एकास एक मॅग्नेशियम धरून बसतं. आरएनए टीई बफरमध्ये साठवला होता, त्यात १ मिलीमोलर ईडीटीए (मॅग्नेशियमसारखे धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) असतं, रिअ‍ॅक्शनचा अर्धा भाग तोच असेल तर अजून अर्धा मिलीमोलर गेला. उरला अर्धा, आणि आरएनए १० मायक्रोमोलर, १०० न्यूक्लिओटाइडचा असेल तर त्याचे फॉस्फेटच १ मिलीमोलर होतात, ते या उरलेल्यातलं बरंचसं ओढून घेणार. म्हणजे वहीत ३ लिहिलंय आणि ट्यूबमध्ये मोकळं जवळपास काहीच नाही! आरएनए टीईऐवजी पाण्यात किंवा अगदी कमी ईडीटीएत ठेवा, निम्मी कटकट तिथेच संपते.

मीठ वजन करून घेतानाही जपा. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं, आणि सहा पाण्याच्या रेणूंसकट त्याचं मोलर वजन २०३.३ असतं, कोरड्याचं ९५.२. लेबल न वाचता हिशोब केला तर सगळी मालिका दुपटीने चुकते. मी तर म्हणेन १ मोलरचं तयार द्रावणच आणा.

मग टायट्रेशन करा, म्हणजे मॅग्नेशियम पायरीपायरीने वाढवून बघा, एकाच आकड्यावर विश्वास टाकू नका. ०, ०.१, ०.३, १, ३, १०, ३० मिलीमोलर अशा पायऱ्या घ्या, १, २, ३, ४ अशा सारख्या नको, कारण सगळी गंमत बहुतेक वेळा १ च्या आसपास किंवा खालीच घडते आणि ती निसटून जाते. या सगळ्यांत पोटॅशियम एकच ठेवा. दोघं त्याच फॉस्फेटांभोवती जागा मागतात, एक बदललं की दुसऱ्याची गरजही सरकते.

आणि जास्त मॅग्नेशियम म्हणजे जास्त चांगली घडी हा समज कृपया सोडा. ते बरोबर घडीला जेवढं घट्ट करतं तेवढंच चुकीच्या घडीलाही करतं, शिवाय दोन रेणूंना एकमेकांत अडकवतं. पेशीत पोटॅशियम साधारण १४० मिलीमोलर आणि मोकळं मॅग्नेशियम अर्धा ते एक मिलीमोलरच असतं, त्यामुळे १० मिलीमोलरमध्ये सुंदर फोल्ड झालेला आरएनए पेशीतही तसाच असेल असं म्हणायला तेवढ्यावर आधार नाही.

तपासणी. नेटिव्ह जेल (घडी न मोडता चालवायची जेल) चालवा, पण नेहमीच्या टीबीई बफरमध्ये नाही, त्यात २ मिलीमोलर ईडीटीए असतं, इतक्या कष्टाने केलेली घडी जेलमध्येच उलगडते. ट्रिस-हेपेस बफर घ्या, जेल आणि रनिंग बफर दोन्हीत मॅग्नेशियम टाका, कमी व्होल्टेज, थंड खोली. दोन बँड आले तर तोच आरएनए दहापट पातळ करून, पुन्हा फोल्ड करून चालवा, वरचा बँड फिका झाला तर तो डायमर, म्हणजे दोन रेणूंची जोडी आहे, प्रमाण तसंच राहिलं तर एकाच रेणूच्या दोन घड्या आहेत.

यूव्ही मेल्टिंग करणार असाल, म्हणजे आरएनए तापवत त्याची घडी उलगडते तसं २६० नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण वाढताना बघणं, तर ट्रिस बफर टाळा, त्याचा पीएच दर अंशाला साधारण ०.०३ ने घसरतो. कॅकोडिलेट बफर चालतं, मात्र ते आर्सेनिकचं आहे, जपून हाताळा. फॉस्फेट बफर मॅग्नेशियमसोबत साका धरू शकतो. आणि तापवतानाची रेघ काढून थांबू नका, गार करतानाचीही काढा. दोन्ही एकमेकींवर बसल्या नाहीत तर एकतर आरएनए सावकाश घडी घालतोय, किंवा मॅग्नेशियमने वर गरम असताना त्याचे तुकडे केलेत, आणि तुकडे झाले का ते डिनेच्युरिंग जेलवर (जिथे घडी मोडून फक्त लांबी बघतात) लगेच कळतं.